खजिन्याला धक्का न लावता अध्यात्म कसे करावे
(सटाणा व पंचक्रोशीतील होतकरू साधकांसाठी)

मनःशांती हल्ली कुठेही मिळते. मोबाईलवर मिळते, शिबिरात मिळते, हप्त्यानेही मिळते. सटाणेकरांची अडचण मात्र निराळी आहे. बाकीच्या गावांना कीर्तन करणारे, अभंग लिहिणारे संत लाभले. आपल्या वाट्याला आले चक्क मामलेदार. यशवंत महादेव भोसेकर, जन्म १८१५. हुद्दा सारा वसूल करण्याचा. १८७०-७१ च्या दुष्काळात बागलाणात माणसे अन्नाला महाग झाली, तेव्हा या गृहस्थाने सरकारी खजिना उघडून वाटून टाकला. रक्कम १,२७,००० रुपये होती, असे सांगतात. लोकांनी त्यांना देवमामलेदार केले.

असा आदर्श भर गावात बसलेला असताना अंतर्मुख होणे जोखमीचे आहे. म्हणून पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

पायरी १ : गुरू. गुरू शक्यतो लांबचा करावा. तो शेजाऱ्याशी कसा वागतो, उसने घेतलेले परत करतो का, हे आपल्याला कळता कामा नये. देवमामलेदारांना नमस्कार जरूर करावा, गुरू करू नये. त्यांची शिकवण प्रवचनात नाही, हिशेबात आहे. प्रवचन ऐकून माणूस सुखरूप घरी येतो. हिशेब ऐकला की स्वतःचाही मांडून पाहावासा वाटतो.

पायरी २ : स्थळ. साधनेला उंची लागते आणि तालुक्यात तिची वाण नाही. साल्हेर १,५६७ मीटर. राज्यात याहून उंच किल्ला नाही. माथ्यावर परशुरामाचे मंदिर आहे. तिथे वाऱ्यात उभे राहून आपण किती क्षुद्र आहोत याची जाणीव करून घ्यावी आणि ती रेंज मिळताच स्टेटसला टाकावी. मांगीतुंगीला ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे. अंगावर सूतही न ठेवणाऱ्या तीर्थंकरांपुढे उभे राहिले की हात आपोआप खिशातल्या पाकिटाकडे जातो. अशा वेळी उंचीचा विषय काढावा. फुटांची चर्चा सुरू झाली की अपरिग्रह मागे पडतो.

पायरी ३ : ध्यान. पहाटे डोळे मिटून बसावे. श्वास आत घेताना ‘मी कोण?’ आणि सोडताना ‘आज भाव काय?’ असा क्रम ठेवावा. नुसत्या बसण्याने वैराग्य येत नसेल तर उठून कांद्याच्या चाळीकडे जावे. फटीतून हात घालून एक उन्हाळ कांदा बाहेर काढावा आणि अंगठ्याने त्याची मान दाबावी. मान घट्ट असेल तर माया अजून शिल्लक आहे, महिनाभर थांबावे. मऊ लागली आणि बोटाला पाणी आले, तर संसार नश्वर आहे हे त्याच क्षणी पटते. एवढे झटपट ज्ञान कुठल्याही शिबिरात मिळत नाही.

पायरी ४ : मौन. मौनाचा दिवस विचारपूर्वक ठरवावा. कांदे काढलेल्या बाया ओट्याशी येऊन ‘‘दादा, आमना पैसा कव्हय भेटतीन?’’ असे विचारतात, तो दिवस उत्तम. बोटाने ओठांकडे आणि मग आभाळाकडे दाखवावे. बाया समजूतदार असतात. आठवडाभराने पुन्हा येतात. तोवर दुसरे व्रत शोधून ठेवावे.

पायरी ५ : दान. दान गुप्त असावे असे शास्त्र सांगते. ते गुप्त आहे हे सर्वांना कळावे म्हणून पाटी लावावी. पाटीचा खर्च दानाहून जास्त झाला तर मन खट्टू करू नये. अक्षरे टिकाऊ असतात.

पायरी ६ : यात्रा. मार्गशीर्ष वद्य एकादशीला आरम नदीकाठच्या यशवंतराव महाराजांच्या मंदिरात जावे, रथ पाहावा, पाळण्यात बसावे, भेळ खावी. मागणे मागताना संकोच नको. सातबाऱ्यावरची चूक, अडलेली फेरफार नोंद, बांधाची भानगड हे सारे या देवाच्या खात्यातलेच आहे. फक्त मूर्तीसमोर फार वेळ रेंगाळू नये. ‘माझ्या ताब्यात जनतेचा खजिना होता, तुझ्या ताब्यात काय आहे?’ असा प्रश्न समोरून आल्याचा भास होतो. मग तिजोरी नसलेल्यालाही काही ना काही आठवते. कुणाला विहिरीचे पाणी, कुणाला टेबलावरची फाईल, कुणाला मोकळी संध्याकाळ. मागे रांग खोळंबली आहे असे म्हणून पुढे सरकावे.

शंकासमाधान

प्रश्न : अंतर्मनात डोकावल्यावर काही दिसले नाही तर?
उत्तर : शुभ लक्षण. दिसले असते तर निस्तरावे लागले असते.

प्रश्न : साहेब तपासणीला आले तेव्हा खजिना जसाच्या तसा भरलेला निघाला म्हणतात. मग द्यायला आपण का घाबरावे?
उत्तर : या चमत्कारावर पूर्ण श्रद्धा ठेवावी, प्रयोग मात्र घरी करू नये. कुलूप काढताना खजिना पुन्हा भरेल, असे महाराजांना कुणी लिहून दिले नव्हते. त्यांच्यासमोर दोनच गोष्टी होत्या, दारातली उपाशी माणसे आणि हातातली नोकरी. ही बाब भाविकांत फार पसरवू नये. पुढच्या यात्रेच्या गर्दीवर परिणाम होईल.