घरच्याघरीकर

आमच्याकडे आडनावं गावावरून पडतात. शिरोड्याचा शिरोडकर, रेडीचा रेडकर, आरोंद्याचा आरोंदेकर. ह्या न्यायानं आमच्या शेजारच्या काकांचं खरं आडनाव घरच्याघरीकर. मुंबईत जन्म घालवून गावी परतल्यापासून त्यांनी एकही काम बाहेर जाऊ दिलेलं नाही. पंपाची मोटर घरच्या घरी, चष्म्याची दांडी घरच्या घरी. केसही घरच्या घरी कापतात, हे सांगावं लागत नाही.

ह्या चैत्रात पाळी आली प्रीमिअर पद्मिनीची. ‘पारशी डॉक्टरची गाडी, एकाच हातातली,’ असं सांगून ती मुंबईहून आणलेली. नवा रंग द्यायचा तर जुना उतरवायला हवा. पेंटरनं आकडा सांगितला आणि काका उसळले, “लावूचे पैसे समाजले. काढूचेय पैसे?”

पहिले तीन दिवस ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. मडगार्डवर बशीएवढं पत्र्याचं दर्शन झालं आणि काकांचा खांदा धरला. मग ग्राइंडर. तो एका जागी धरला की पत्रा तापतो आणि फुगतो, हे काकांना बॉनेट पुरीसारखं टम्म झाल्यावर कळलं. अजूनही बोट दाबलं की ते रॉकेलच्या डब्यासारखं ‘टकाक’ वाजतं. वाडीतली पोरं शाळेत जाताना एकदा वाजवून जातात.

मग आला रिमूव्हर. तो ओला राहिला तरच रंगाला फोड येतात, आणि आमच्या उन्हात तो लावता लावता सुकतो. वर प्लास्टिक पसरायचं असतं. काकांनी परसातलं केळीचं पान आणून बॉनेटवर आंथरलं. रस्त्यावरून जाणारी एक आजी थबकली. “अवेळी कोणाचो रे म्हाळ?”

रिमूव्हरला रंग कुठला आणि मनगट कुठलं ते कळत नाही. एक थेंब उडाला आणि काका दशावतारातल्या संकासुरासारखे खळंभर नाचले.

पण माल निघू लागला. वरचा क्रीम, खाली आकाशी, त्याखाली लांबी. फ्रिजवरचं लोहचुंबक आणून दारावर लावलं तर ते घसरून खाली पडलं. तिथे पत्रा कमी आणि लांबीच बोटभर जाड. त्याच्याही खाली मडगार्डवर काळा रंग लागला. काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी टपावर पिवळा.

मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतलेली काळीपिवळी पद्मिनी आमच्या खळ्यात पुन्हा अवतरली होती. काकूंनी दारातूनच विचारलं, “तुमच्या डॉक्टरान मीटर खंय ठेवलो?” संध्याकाळपर्यंत काकांनी गोष्ट बदलली होती. टॅक्सीचं इंजिन कसं दणकट असतं, ते आता येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकावं लागतं.

उघड्या पत्र्याला त्याच दिवशी प्रायमर लागतो. काकांचं म्हणणं, आधी सगळी सोलूया, मग एकदम. मे १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडायला माणसं लांबून शिरोड्याच्या मिठागरांवर आली होती. आम्हाला मीठ उचलावं लागत नाही, ते वाऱ्यावर बसून स्वतः घरी येतं. संध्याकाळी चकचकीत केलेलं दार सकाळी तांबूस. मग आजचं सोलायचं आणि कालचं पुन्हा घासायचं.

ह्याचं काकांना दुःख नाही. मला तर दाट संशय आहे की त्यांना रंग द्यायचाच नाही. पातीखालून रंगाची लांब साल सुटून आली की त्यांचा चेहरा गुडघ्याची खपली काढणाऱ्या पोरासारखा होतो.

परवा एक दार दोन स्टुलांवर आडवं पडलं होतं. रिकामी जागा दिसली म्हणून काकूंनी त्यावर प्लास्टिक पसरून कोकमाची सोलं वाळत घातली. रस कडेनं ओघळला. दुपारी काका दारावर वाकले, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. जिथून ओघळ गेला होता तिथला गंज नाहीसा होऊन पत्रा लखलखत होता.

“गो,” काकांनी हाक मारली, “घरात आगळ किती आसा?”

काकू काही बोलल्या नाहीत. आगळाची बरणी आता देवाच्या कपाटात असते आणि किल्ली काकूंच्या कनवटीला.