एसटीच्या वेळापत्रकातलं कॉलेज

बाहेरच्या माणसाला वाटतं, परतवाड्यातल्या कॉलेजचं वेळापत्रक प्राचार्य लावत असतील. प्राचार्यांचा स्वतःचा तसा काही गैरसमज नाही. पहिला तास कधी भरवायचा हे चांदूर बाजारची गाडी ठरवते आणि शेवटचा कधी आटोपायचा हे चिखलदऱ्याची. घाटाकडच्या गावातली मुलगी दुपारच्या तासाला चुळबुळ करू लागली की समजावं, विषय अवघड नाही, स्टँडवर गाडी लागलेली आहे. हजेरीचा पंचाहत्तर टक्क्यांचा नियम ज्यांनी केला, त्यांनी त्यात एसटीचं पंक्चर धरलेलं दिसत नाही.

कॉलेजनेच गावाकडे यावं, ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ साली हायस्कूलच्याच इमारतीत सहा विद्यार्थी घेऊन कॉलेजचे वर्ग सुरू झाले. शाळांचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा हिशेब सरळ होता : पोरांना गाव न सोडता शिकता आलं पाहिजे. पुढे त्या देशात अशी कॉलेजं गावोगाव निघाली आणि त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणू लागले. सहा हा आकडा ऐकून आमच्याकडचा कुणीही संस्थाचालक हसेल. सहा पोरांवर त्याला तुकडी कोण मंजूर करणार?

त्याच १९०१ साली आमच्या वऱ्हाडातल्या पोराला मॅट्रिकच्या पुढे जायचं तर नागपूरचं हिस्लॉप किंवा मॉरिस, नाही तर थेट पुणं-मुंबई. अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघायला १९२३ साल उजाडलं. पापळचे पंजाबराव देशमुख पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले, तिथून विलायतेला, आणि डॉक्टरेट घेऊन परतले. मला त्यांच्या कामातला क्रम फार आवडतो. आधी त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, मग १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था, आणि अमरावतीचं शिवाजी कॉलेज आलं ते १९४६ साली. आधी पाठ टेकायला जागा आणि पोटाला भाकर, मग भूमिती. हल्ली आधी कमान उभी राहते.

इथून जवळच्याच अंजनगाव तालुक्यातलं शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस गावोगाव सांगत फिरला, की ताट विकावं लागलं तर विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शिकवा. अमरावती विद्यापीठ नागपूरपासून १ मे १९८३ रोजी वेगळं झालं आणि पुढे त्याला बाबांचं नाव दिलं गेलं. त्यामुळे आमच्या भागातल्या प्रत्येक पदवीवर आज एका न शिकलेल्या माणसाचं नाव असतं. पदवीदान समारंभात झगा घालून उभं राहताना हे कुणाच्या लक्षात येतं की नाही, कोण जाणे. बाबांनी त्या झग्याची किंमत नक्की विचारली असती.

अचलपुरात जगदंब महाविद्यालय आहे, परतवाड्यात सी. एम. कढी कला महाविद्यालय आहे, आणखीही आहेत. परतवाड्यातली इंग्रजांची छावणी उठून जमाना झाला, तरी गावाच्या पत्त्यात ‘अचलपूर कॅम्प’ टिकून आहे. तालुक्याच्या गावी कॉलेज वाढतं कसं, ते मात्र सगळीकडे सारखंच. सुरुवातीला शाळेच्या खोल्या सकाळपुरत्या उसन्या. बाकं पाचवी-सहावीची, त्यांत बीएचे गुडघे मावत नाहीत. मग टिनाचं शेड. पावसाळ्यात त्यावर असा काही ताशा वाजतो की सरांचे नुसते ओठ हलताना दिसतात, आणि अर्थशास्त्र तेवढ्यापुरतं सोपं होतं. मग स्लॅब पडतो आणि गाव पंखे देतं. पंख्याची तीन पाती : एकावर ‘कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ’, दुसऱ्यावर दात्याचं नाव, तिसऱ्यावर ‘सप्रेम भेट’. पंखा फिरत असला की दाता दिसत नाही, वीज गेली की प्रकट होतो. आमच्याकडचं भारनियमन बघता कुठल्याही दात्याला प्रसिद्धी कमी पडली असेल असं वाटत नाही.

खरं कॉलेज बघायचं तर जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशी उभं राहावं. धोतर-टोपीतला बाप, मागे नवा शर्ट घातलेलं पोरगं, प्लॅस्टिकच्या पिशवीत टीसी, गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून रेशनकार्डाच्या चार-पाच झेरॉक्स.

‘सायेब, पोट्ट्याले कोन्त्या शाखेत टाकू?’

‘काका, त्याले काय आवडते?’

बाप वळून पोराकडे बघतो. हा प्रश्न घरात आजवर निघालेलाच नसतो.

‘आवडीचं राहू द्या जी. दुपारी वावरात पायजे तो.’

कला शाखा सकाळची असते. झाला प्रवेश.

मुलीचा बाप वेगळं विचारतो : वापस यायची गाडी किती वाजता? तो विषयांची यादी बघतसुद्धा नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, या दोन गोष्टींनी जितक्या पोरी वर्गात आणून बसवल्या, तितक्या स्त्रीशिक्षणावरच्या भाषणांनी बसवल्या नसतील असं माझं मत आहे. मी ती भाषणं ऐकलेली आहेत.

धारणीकडून येणारी कोरकू पोरं वसतिगृहात राहतात. घरी कोरकू, बाजारात हिंदी, दोस्तांत वऱ्हाडी, पुस्तकात पुण्याची मराठी. चार बोलींतून रोज ये-जा करणाऱ्या या पोराच्या पेपरावर ‘भाषा कच्ची’ असा शेरा मारणाऱ्याला बहुधा दीड भाषा येत असते.

शैक्षणिक वर्षाचं कॅलेंडर विद्यापीठ छापतं आणि भिंतीवर ते दिसतंही छान. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी लागली की मागची बाकं रिकामी. मग आंबिया बहाराचा संत्रा तोडायला येतो, की मधली. २० डिसेंबरला बैतूल रस्त्यावर बहिरमची यात्रा भरते. हंडीतलं मटण आणि रोडगे यांच्यापुढे अंतर्गत मूल्यमापन टिकत नाही, तेव्हा पहिलं बाकही जातं आणि कधी कधी सरही. अकोल्याच्या बाजूने येणाऱ्यांना पूर्वी शकुंतला होती. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटरची ती नॅरोगेज गाडी जोवर धावत होती, तोवर उशिराचं कारण कुणालाच शोधावं लागत नसे.

२०१३च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानेही कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. चालू कॉलेजातच, स्थानिक उद्योगाला धरून, प्रमाणपत्रं आणि पदविका. कल्पना चांगली. परतवाड्यात सागवानाचे डेपो आहेत, आरागिरण्या आहेत, आसपास संत्र्याच्या बागा आहेत. मला विचाराल तर संत्र्यावरच्या डिंक्या रोगाची पदविका इथे पहिल्या दिवशी भरली असती. अडचण एवढीच, की त्या विषयातले जाणकार प्रवेशाच्या खिडकीबाहेर धोतर-टोपीत उभे असतात, आणि त्यांच्याजवळ नेट-सेट नाही.

मग कधीतरी कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची समिती येते. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, प्रसाधनगृहात नवा साबण. ‘समाजाशी तुमचं नातं काय?’ असं समितीने विचारलं की मेळघाटातल्या रासेयो शिबिराचे, रक्तदानाचे, वृक्षारोपणाचे फोटो असलेली जाडजूड फाइल पुढे सरकते. फोटोंतला खड्डा बरेचदा गेल्या वर्षीचाच असतो. फाइल चाळून झाल्यावर पाहुणे पाय मोकळे करायला मैदानावर येतात. तिथे संध्याकाळच्या उन्हात वीस-पंचवीस पोरं धापा टाकत गोल पळत असतात. पोलीस भरतीला सोळाशे मीटर धावावं लागतं, पोरींना आठशे. कडेला एक पोरगी गोळा फेकते आणि दुसरी पावलांनी अंतर मोजते. गावात सपाट, मोकळं, कुणी हाकलणार नाही असं मैदान हे एकच.

‘हे सगळे तुमचेच विद्यार्थी का?’ पाहुणे कौतुकाने विचारतात.

प्राचार्य काही बोलायच्या आत गेटवरचा शिपाई सांगून मोकळा होतो, ‘नाही जी, अर्धेक गावातले हायेत. पन भरती लागली का पेढे इथंच आनून देतात.’