डॅशबोर्ड कोन पाहते?

(नागभीड. रोवणीचे दिवस. डेंटिंग-पेंटिंगच्या शेडसमोर १९८६ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. निवृत्त हेडमास्तर हातात स्प्रेचा डबा घेऊन उतरतात. पेंटर एकटाच आहे. हाताखालचा पोरगा रोवणीवर गेला आहे.)

पेंटर : या जी गुरुजी. गाडी लोटत आनली का?

गुरुजी : लोटत कशाला? चालवत आणली. बंद फक्त तुझ्या दारात पडली.

पेंटर : इंजिनाचं असन तर समोर मेकॅनिक हाये. आपलं काम रंगाचं.

गुरुजी : रंगाचंच आहे. हे बघ, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक पांढुरकं पडलं. मीटरभोवतीची चंदेरी किनार उडाली. दाराच्या हँडलवर गंज. नागपूरहून हा डबा मागवला, ‘क्रोम’ लिहिलंय वर. फुस्स करायचं, मोकळं व्हायचं. संध्याकाळी गाडी दे.

पेंटर : संध्याकाळपर्यंत फुस्स होते. क्रोम नाई होत.

गुरुजी : अरे, रविवारी मुलीच्या लग्नाची बैठक आहे. व्याही गोंदियाच्या गाडीनं येताहेत. त्यांना स्टेशनवरून घरी आणायचंय.

पेंटर : स्टेशनपासून तुमचं घर दहा मिनिटं. तेवढ्यासाठी?

गुरुजी : ते पुढच्या सीटवर बसणार! त्यांच्याकडे नवी कोरी गाडी आहे, डॅशबोर्डवर टीव्हीएवढा पडदा.

पेंटर : मंग इवायाले मागं बसवा. मागून डॅशबोर्ड कोन पाहते?

गुरुजी : व्याह्यांना मागे? बैठक व्हायची आहे, मोडायची नाही.

पेंटर : बरं. (डॅशबोर्डवर बोट फिरवतो, बोट अंगठ्यावर घासतो.) यावर काय मारता जी तुमी?

गुरुजी : पॉलिश! दर रविवारी. स्प्रेचं येतं ते. एक रविवार चुकवला नाही.

पेंटर : तिथंच सारं बिघडलं. त्याच्यात सिलिकॉन असते. यावर रंग मारला का रंग मागं सरकते आन् गोल गोल खड्डे पडते. आमी त्याले फिश आय म्हनतो.

गुरुजी : माझ्या डॅशबोर्डवर मासे?

पेंटर : पाहा मंग. (बोटाने पाण्याचा एक थेंब प्लॅस्टिकवर सोडतो. थेंब फुगून गोळी होते आणि घरंगळत ग्लोव्ह बॉक्सच्या फटीत जाते.) पानी थांबून नाई राह्यलं, रंग काय थांबन? ज्या दिवशी हा थेंब पसरन, त्या दिवशी प्लॅस्टिक साफ झालं समजा.

गुरुजी : मग पॉलिश पेपर मार आधी.

पेंटर : आधी घासलं का सिलिकॉन ओरखड्यात जाऊन बसते, मंग बाहेर निघत नाई. पयले भांड्याचं साबन, कोमट पानी, मऊ ब्रश. वाळलं का आयसोप्रोपिल अल्कोहोल, दर खेपेला फडक्याची कोरी बाजू. मंग पेपर, ४०० नंबर, त्यानंतर ६००, पान्यासंग.

गुरुजी : आयसोप्रोपिल म्हणजे कोरोनात हाताला चोळायचो ते? घरी अर्धी बाटली आहे.

पेंटर : त्यात कोरफड, गुलाब, ग्लिसरीन असन. डॅशबोर्डच्या हाताले भेगा नाई पडल्या. नुस्तं अल्कोहोल लागते.

गुरुजी : बरं, धुतलं, घासलं. आता तरी रंग?

पेंटर : आता पाहावं लागते का प्लॅस्टिक कोनतं हाये. (मीटरची चौकट स्क्रू काढून हळूच सोडवतो, उलटी करतो, मागच्या कोपऱ्यात थिनरचा बोळा टेकवतो.) पाहा, चिकट झालं. एबीएस दिसून राह्यलं.

गुरुजी : एबीएस? म्हणजे ब्रेक? शहाऐंशीच्या पद्मिनीत? अरे, व्याह्यांना हे आधी सांगायला हवं!

पेंटर : ब्रेक नाई जी, प्लॅस्टिकची जात. एबीएसवर रंग धरते. पॉलिप्रॉपिलिन असलं का वेगळा प्लॅस्टिक प्रायमर लागते, नाईतर नखानं साल निघते. थिनर मी म्हनून मागून लावलं. समोरून लावलं असतं तर तुमचा साठचा आकडा गेला असता.

गुरुजी : जाऊ दे, साठच्या वर ती जातच नाही. पण रंग चकचकीत काळा हवा हं.

पेंटर : चकचकीत नाई. उन्हात त्याची सावली समोरच्या काचेत पडते, रस्त्याच्या जागी डॅशबोर्डच दिसते. मॅट आन् चकचकीतच्या मधला, सॅटिन. तो बी पातळ हात, तीन-चार, मधात वाळू देऊन.

गुरुजी : ठीक. मार.

पेंटर : आज? (बाहेर बोट दाखवतो. पाऊस धो धो.) हवेत इतकं पानी असलं का थिनर उडता उडता रंगाले थंड करते, हवेतली वाफ त्यावर बसते आन् काळा रंग पांढुरका होते. ब्लश म्हनते त्याले. तुमचं प्लॅस्टिक आत्ताच पांढुरकं हाये, तेबी फुकटात. मी पैसे घेऊन तसंच करून देऊ का?

गुरुजी : पंखा लाव.

पेंटर : पंख्यानं धूळ बसते.

गुरुजी : आमच्या ह्या भागात एक तर पाऊस, नाहीतर ऊन! उन्हाळ्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांत शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव असतंच.

पेंटर : आन् तुमी त्या उन्हात काचा लावून गाडी उभी करता. अंदर डॅशबोर्ड सत्तर अंशावर जाते. पांढुरकं नाई होनार तं काय? बरं, हा डबा दाखवा. (हलवतो.) यात ॲल्युमिनियमची भुकटी. झाडीपट्टीच्या नाटकाले मी पडदे रंगवतो नं, वडशाच्या मंडळीच्या राजाचा मुकुट याच डब्यानं चांदीचा करतो. मंडपातल्या शेवटच्या मान्साले शंभर टक्के चांदी. पन तुमचे इवाई मुकुटापासून हातभर बसनार. बोट लागलं का काळं होनार. वरून वार्निश मारलं तर चमक मरते, नुस्ता चंदेरी रंग उरते.

गुरुजी : मग खरं क्रोम कसं असतं?

पेंटर : ते रंग नसतेच. विजेच्या टाकीत बुडवतात. लोखंडावर पयले तांबं, मंग निकेल, सगळ्यात वर क्रोम. क्रोमचा थर एका मायक्रॉनच्या बी आत. चमकीचं खरं काम निकेल करते.

गुरुजी : म्हणजे काम निकेलचं आणि नाव क्रोमचं?

पेंटर : तुमी हेडमास्तर होते जी, तुमाले काय सांगाचं.

गुरुजी : (खाकरून) ही किनारसुद्धा टाकीत बुडव मग.

पेंटर : ती प्लॅस्टिकची हाये. तिच्यावरचा थर कारखान्यातच चढते, आपल्या इकडच्या निकेलवाल्याच्या टाकीत नाई. तिले चिकटपट्टीची चंदेरी किनार लावता येते, तेवढंच. धातूच्या मुठी नागपूरले धाडता येते. नागपूरची छोटी रेल असती तर गार्डच्या हातात देऊन धाडल्या असत्या. ती २०१९लेच बंद झाली.

गुरुजी : त्यापेक्षा नवीन पार्टच मागव ना. मुंबईत कुर्ल्याला कारखाना आहे. वालचंद हिराचंदांची कंपनी, १९४४ साली काढलेली. मूळचे सोलापूरचे! आमच्या वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं थांबून ही गाडी घेतली.

पेंटर : कारखान्यातून पद्मिनी निघनं बंद होऊन वीसच्या वर वर्षं झाली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी बी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आता पार्ट भेटते ते कुर्ल्याच्याच जुन्या बाजारात. जनम बी कुर्ल्यात, अवयवदान बी कुर्ल्यात.

गुरुजी : मग असं करू. प्लॅस्टिक काढून टाक, सागवानाची फळी बसव. आपल्या चांद्याचा साग अयोध्येच्या मंदिराला गेला, माझ्या डॅशबोर्डला का नको?

पेंटर : त्या सागाची डेपोची पावती होती जी. तुमच्या फळीची हाये का? नाईतर रविवारी इवाई स्टेशनवर उभे आन् तुमी वनविभागाच्या ऑफिसात.

गुरुजी : तू सगळ्यालाच नाही म्हणतोस. निदान सरकारदरबारी तरी हिला मान मिळवून देऊ. व्हिंटेज म्हणून नोंदणी करतात म्हणे.

पेंटर : २०२१चा नियम हाये, पन्नास वर्षं पुरी लागते. तुमचा नंबर २०३६ले. आन् तशी नोंद झाली का गाडी प्रदर्शनाले, रॅलीले, पेट्रोल भराले, नाईतर दुरुस्तीले काढाची. इवायाले आनाले नाई काढता येनार.

गुरुजी : (हताश) म्हणजे रविवारी मी ही अशीच गाडी घेऊन जायचं?

पेंटर : अशीच नाई. जेवनाच्या डब्यात पोळी गुंडाळाची चांदी हाये का?

गुरुजी : फॉइल? हिनं दोन पोळ्या बांधून दिल्यात. पण त्याचं काय?

(पेंटर फॉइल घेतो, चुरगाळतो, पाण्यात बुडवून दाराच्या लोखंडी हँडलवर हलक्या हाताने घासतो. तांबूस पाणी ओघळतं. फडक्याने पुसतो. गंजाचे ठिपके गेलेले, हँडल लखलखीत. गुरुजी वाकून बघतात. हँडलमध्ये त्यांचं नाक रुंद दिसतं.)

गुरुजी : अरे! रंग न लावता?

पेंटर : खाली क्रोम शाबूत होतं, वर गंज होता. जिथं थरच उडाला तिथं हे चालत नाई. आन् प्लॅस्टिकच्या किनारीवर तं अजिबात घासू नका, उरलं तेबी जाईन.

गुरुजी : वा! मग हँडल झाले. डॅशबोर्डचं सांग. खर्च किती?

पेंटर : काढाचे, धुवाचे, घासाचे, बसवाचे दोन हजार. रंग माराचे दोनशे.

गुरुजी : उलटं सांगितलंस. रंगाचे दोन हजार असतील.

पेंटर : बरोबर सांगतलं. तयारी लय वेळाची, रंग अर्ध्या तासाचा. पैसे तयारीचे.

गुरुजी : आणि रविवारी व्याह्यांनी विचारलं, डॅशबोर्ड असा का?

पेंटर : सांगा का गाडी १९८६ची हाये, डॅशबोर्ड बी १९८६चाच हाये. त्यायच्या गाडीचा पडदा चाळीस वर्षांनं कसा दिसन, ते इचारा.

गुरुजी : हे बरं सुचवलंस. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच काढायचंय. तेव्हा आणू?

पेंटर : दिवाळी झाली का आना. हवा कोरडी असते, माझा पोरगा बी धान कापून मोकळा असते. तोवर तीन कामं करा. पॉलिशची बाटली फेकून द्या, डॅशबोर्ड नुस्त्या ओल्या फडक्यानं पुसा. उन्हात उभी केली का काचेमागं पुठ्ठा लावा. आन् जाताना समोरच्या मेकॅनिकले आवाज द्या, कारन रविवारी गाडी सुरू झाली नाई तर इवाई डॅशबोर्ड नाई पाहनार, मागून धक्का मारनार.