अंबड समुद्रकिनारा विकास प्रस्ताव

गोव्यात पाय ठेवायला जागा नाही, तारकर्लीत खोली मिळत नाही. पर्यटकांनी आता जालना जिल्ह्यातल्या अंबडला यावे, ही नम्र शिफारस.

किनारी शहराला लागणारे सगळे इथे आहे. बंदर? जालन्याच्या ड्राय पोर्टचे भूमिपूजन २०१५ सालीच झाले. जहाज बुडण्याची भीती तिथे शून्य. मासा? मत्स्योदरी देवीची आख्खी टेकडीच माशाच्या आकाराची. प्राचीन अवशेष? अहिल्याबाई होळकरांची आठवण सांगणारी पुष्करणी बारव पाहावी. पाणी साठवून ठेवायची अक्कल पूर्वी इथे होती, हे सिद्ध करणारी वास्तू अवशेषांतच मोडणार.

पुळणीसाठी शहागडला गोदावरीचे पात्र आहे. मात्र दिवसाउजेडी जावे. रात्री किनारा हायवा ट्रकमध्ये बसून फिरायला निघतो.

राहता राहिला समुद्र. तो तीनशेहून अधिक किलोमीटर लांब आहे, पण ही केवळ तांत्रिक त्रुटी. एप्रिल-मे महिन्यांत टँकरचा हॉर्न वाजताच हंडे-घागरींची जी लाट उसळते, ती जुहूलाही दिसायची नाही.

पर्यटकांच्या सोयीसाठी सूचना: भरती टँकरच्या फेरीनुसार. ओहोटीचे वेळापत्रक छापलेले नाही. ती बारमाही आहे.