तीन वर्षांची कात्री

"आता उशीर झाला असेल ना?" माजी सैनिकाच्या घरात अपंगत्व पेन्शनचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत विचारा, नाहीतर कोल्हापूरच्या चंदगड-आजऱ्यात. उत्तर सरळ आहे. उशिराने पेन्शनचा हक्क बुडत नाही, बुडते ती थकबाकी.

तर्सेम सिंग या सैनिकाला १९८३ साली आजारपणामुळे लष्करातून घरी पाठवलं. त्याने अपंगत्व पेन्शनसाठी हायकोर्टाचं दार ठोठावलं ते १९९९ मध्ये. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने या प्रकरणात दोन गोष्टी सांगितल्या. पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून निव्वळ उशीर झाला या कारणाने दावा फेकून द्यायचा नाही. पण थकबाकी मात्र याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच द्यायची. तेव्हापासून कितीतरी सैनिकांच्या एरियर्सवर ही तीन वर्षांची कात्री चालत आली आहे.

कोर्टाचा मान राखून विचारतो, हा उशीर होतो कुणामुळे?

निवृत्तीच्या वेळचा मेडिकल बोर्डाचा कागद काढून बघा. आजाराचं नाव, टक्केवारी आणि त्यापुढे कळीचा रकाना: हा आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का? तिथे बहुतेक वेळा दोन्हीकडे 'नाही'. कारण काय, तर आजार 'पीस एरिया'त सुरू झाला. आधीची वर्षं सियाचीनला किंवा काश्मीरच्या ताबारेषेवर काढलेली असली, तरी रक्तदाब पुण्यात वाढला म्हणून लष्कराचा संबंध संपला. मग रेकॉर्ड ऑफिसचं इंग्रजी पत्र येतं, दावा नामंजूर. बारावी झालेला शिपाई ते पत्र ट्रंकेत ठेवतो आणि साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चालतो. हुकूम पाळायला आपणच त्याला शिकवलं. आता त्याने हुकमावर अपील केलं नाही म्हणून त्याचेच पैसे कापायचे?

धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं आहे. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असं मानायचं. आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सरकारने सिद्ध करायचं, आणि शंकेचा फायदा सैनिकाला द्यायचा. निकाल इतका स्वच्छ आहे, तरी ज्याला वकील परवडतो त्यालाच तो लागू पडतो. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते वेगळे वाचून घ्यावेत.)

आता पैशाचं बोलू. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के मिळतात, त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात, आणि किमान २० टक्के अपंगत्व लागतं. त्यावर 'राउंडिंग' आहे: ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरायची, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. १९९६ पासूनचा हा लाभ सरकारने फक्त बोर्ड आउट झालेल्यांना, म्हणजे आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना दिला. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना तो मिळायला सुप्रीम कोर्टाचा १० डिसेंबर २०१४ चा राम अवतार प्रकरणातला निकाल यावा लागला.

समजा शेवटचं वेतन ४०,००० रुपये आणि अपंगत्व २० टक्के. राउंडिंगशिवाय महिन्याला २,४०० होतात, राउंडिंगसह ६,०००. फरक ३,६०० रुपयांचा, महागाईची वाढ वेगळीच. हा फरक दहा वर्षं मिळाला नाही, तर होतात ४,३२,०००. कात्री चालवली की हातात येतात १,२९,६००. उरलेले ३,०२,४०० रुपये सरकारकडेच राहतात. चूक सरकारची, आणि बचतही सरकारचीच!

हे सरकारला कुणी सांगितलं नाही असंही नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनीच तज्ज्ञांची समिती नेमली. तिने अहवालात बजावलं होतं की अपंगत्व पेन्शनच्या निकाली निघालेल्या मुद्द्यांवर सैनिकांविरुद्ध अपिलं करत बसू नका. गोव्याच्या त्या मंत्र्याने दुखणं नेमकं ओळखलं होतं. त्यांच्यानंतरही सरकारी वकील सैनिकांविरुद्ध उभे राहतच आले आहेत.

दुसरा नेहमीचा प्रश्न बायकांचा असतो. "आमचे हे गेले. आता मला मागता येईल का?" येईल. लष्करी न्यायाधिकरणाचा २००७ चा कायदा निवृत्त सैनिकाच्या वारसांनाही लागू आहे. पतीच्या हयातीतली थकबाकी मागायचा तुमचा हक्क आहे आणि त्या न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे.

तिसरा प्रश्न हळू आवाजात येतो. एजंट थकबाकीतले टक्के मागतोय, देऊ का? देऊ नका. बोर्डाच्या कागदांची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागता येते. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. वकील लागलाच तर त्याची फी आधी ठरवा आणि कागदावर घ्या. कोऱ्या चेकवर सही तर कुणालाच देऊ नका.

सरकारकडे मागणी एकच आहे. कोणाचा बोर्ड कधी झाला, टक्केवारी किती लागली, राउंडिंग मिळालं की नाही, हे सगळं सरकारच्याच दप्तरात आहे. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आहे. मग पात्र माणूस कोर्टात येईपर्यंत वाट कशाला बघायची? स्वतःहून हिशेब करा आणि देय तारखेपासूनची पूर्ण थकबाकी खात्यात भरा.

ते होईपर्यंत, ज्यांच्या ट्रंकेत नामंजुरीचं पत्र पडलं आहे त्यांनी ते याच आठवड्यात बाहेर काढावं. पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं. मुदत टळली असेल तर उशिराचं कारण लिहून पाठवा, पण पाठवा. अर्ज जितके महिने लांबेल, तितक्या महिन्यांची थकबाकी तुमच्या हातून जाईल.