मिर्झापूरचे घड्याळ, अंदमानचा सूर्य

अंदमानला विश्रांतीसाठी जाणाऱ्याने आधी मिर्झापूरचा विचार करावा. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर ठरते. मुंबई त्याच्या सुमारे दहा अंश पश्चिमेला, अंदमान तेवढेच पूर्वेला. अंशाला चार मिनिटे या शाळेतल्या हिशेबाने दोन्हीकडच्या सूर्यांत ८० मिनिटांचा फरक पडतो, घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारची झोप काढून आपण चहाची चौकशी करायला बाहेर यावे, तर दिवेलागण झालेली असते.

यावर टूरवाल्यांचा उपाय सोपा आहे. पर्यटकाला झोपूच द्यायचे नाही.

बारातांगला जायचे म्हणून आमचा टूर मॅनेजर रात्री अडीचला दारे ठोठावत फिरला. बँकेतून निवृत्त झालेले ठाण्याचे काका कानटोपी घालून खाली आले. बाहेर घाम फुटत होता. पण एवढ्या अंधारात उठायचे म्हणजे कानटोपी हवीच, असा त्यांचा नियम. जिरकाटांगच्या फाटकाशी पोहोचलो तर पुढे गाड्यांची ही लांब रांग. पहिला ताफा सुटतो सकाळी सहाला. तोवर मेदूवडे खायचे आणि पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत बसायचे.

पुढचा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला काही खायला द्यायचे नाही. नियम अगदी योग्य आहेत. त्यांच्या अंगणातून आपण जातो आहोत, ते आपल्या नाही. सांगलीच्या मावशींना मात्र शेवटचा नियम जड गेला. दशम्या पंचवीस जणांना पुरतील एवढ्या होत्या. मग गाडीतल्यांनाच आग्रह सुरू झाला आणि त्यातून कुणाची सुटका झाली नाही.

मग फेरीबोट, खारफुटीतून स्पीडबोट, थोडी पायपीट आणि चुनखडीची गुहा. छतातून झिरपणाऱ्या पाण्यातला चुना हजारो वर्षे साचत जाऊन हे लोंबते आकार तयार होतात. गाईडने टॉर्च मारून "ये देखो गणेशजी" म्हटले आणि तिथेच त्याचे काम संपले. पुढचे गणपती आमच्या लोकांनी स्वतःच शोधले. एकाच्या सोंडेवरून, उजवी की डावी, असा वाद पेटला. उजव्या सोंडेचे सोवळे कडक असते, तेव्हा इथे चपला घालून यायला नको होते, असे एक बाई म्हणाल्या. गाईड टॉर्च बंद करून शांतपणे उभा राहिला.

कार्यक्रमपत्रिकेत पुढची ओळ होती 'ज्वालामुखी'. देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी बॅरन बेटावर आहे आणि तो जहाजातूनच बघायचा असतो. बारातांगला आहे तो चिखलाचा. जमिनीखालचे वायू ओला चिखल वर ढकलतात. कुंपणाआड करडा चिखल पसरलेला, आम्ही भोवती उभे. बऱ्याच वेळाने एक बुडबुडा आला.

"आला! आला!" कुणीतरी ओरडले.

"लाव्हा कुठाय?" काका.

"सर, हाच."

काकांनी घड्याळ बघितले, दुसऱ्या बुडबुड्याची वाट पाहिली आणि सहलीचा खर्च बुडबुड्यांनी भागायला घेतला. उत्तर त्यांनी कुणालाच सांगितले नाही. काकूंना तर नाहीच.

सेल्युलर जेलमध्ये सगळे आपोआप गप्प झाले. सावरकरांच्या कोठडीपुढे चपला काढायला कुणाला सांगावे लागले नाही. तिथे विनोद सुचत नाही, सुचूही नये.

हॅवलॉकचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण लोकांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे. तिथल्या राधानगर किनाऱ्याला 'टाइम' मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवले होते. तिथला सूर्यास्त बघायचा म्हणून मंडळी माशांवर ताव मारून, वामकुक्षी उरकून, साडेपाचला थाटात पोहोचली. सूर्य केव्हाच गेला होता आणि रक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढत होता.

"सूर्यास्त पॅकेजमध्ये होता," काकांनी मॅनेजरला सुनावले.

"झाला ना सर. वेळेवर झाला."

दुसऱ्या दिवशी स्कूबा. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकवतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला तर 'सगळे ठीक'. अंगठा वर केला तर 'मला वर न्या'. पण सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी इतकी वर्षे गोल कुणाला दाखवला आहे? नवा सेक्रेटरी, कुणाचा दहावीचा निकाल, गच्चीची गळती, सगळ्याला अंगठा.

प्रशिक्षक त्यांना सिलेंडरला धरून खाली घेऊन गेला. समुद्रफुलात नारिंगी-पांढरा क्लाउनफिश दिसला. काकांचा अंगठा वर. प्रशिक्षकाने त्यांना वर आणले.

"सर, क्या हुआ?"

"कुछ नहीं हुआ! एकदम मस्त था!"

पुन्हा खाली. पोपटमासे, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. असे बऱ्याच वेळा झाले. शेवटी वेळ संपली असे सांगून प्रशिक्षकाने त्यांना किनाऱ्याकडे वळवले, तेव्हा काका छातीएवढ्या पाण्यात ठाण मांडून उभे राहिले.

"निम्मा वेळ तुम ने ऊपर घुमाया," ते म्हणाले. "पैसे मैंने नीचे के भरे हैं. ऊपर का समुंदर मुझे दादर को फुकट दिखता है."