नाना आणि निळी फेज

नानांच्या घरी गेलात तर दाराशी चपला काढायच्या आणि मोबाईलचा चार्जर पिशवीतच राहू द्यायचा. चहा घेणार का, हे काकी विचारतात, नाना विचारतात, "बोर्डाला काही लावलं नाही ना?" जावई दिवाळसणाला आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपची वायर नानांनी स्वतः काढली, नीट गुंडाळली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. जावयाला वाटलं, सासुरवाडीचा मानपान असेल.

असे नाना सुरतेत खानदेशी वस्तीच्या दर दुसऱ्या सोसायटीत सापडतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, कुठेही चौकशी करा. गाव जळगाव-धुळे-नंदुरबारकडचं, विशीत तापी लाईनच्या गाडीने आलेले, उभी हयात लूमच्या मेंटेनन्सला. शेड खडखडत असताना कुठलं लूम बिघडलंय हे कानाने सांगायचे. रिटायर झाले आणि कान रिकामे पडले. नेमका त्याच सुमारास शेजारच्या साडीवाल्या शेठचा भाचा लेस्टरहून आला. येताना घरातले दिवे दुरून लावण्या-विझवण्याच्या खोक्यांचे दोन सेट घेऊन आला. शेठने स्वतःचा सेट न उघडता माळ्यावर टाकला आणि दुसरा नानांना दिला. "नाना, तमे जुओ ने," म्हणाले. नाना तेव्हापासून बघतच आहेत.

यंत्र तसं जुन्या वळणाचं. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने 1975 साली काढलेलं. कंपनीचा दहावा प्रयोग, म्हणून नाव एक्स-टेन. नवी वायर ओढायची नाही, वायफाय लागत नाही. भिंतीत विजेची जी वायर आहे, तिच्यातूनच निरोप जातो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते, म्हणजे 100 वेळा शून्यावर येते. त्या शून्याच्या क्षणी लाईन जरा शांत असते, तेवढ्यात 120 किलोहर्ट्झचा एक बारीक हुंकार सोडायचा. असे हुंकार ओळीने गेले की त्यांचा अर्थ होतो, "ए-वन, लाग." अक्षरं 16, आकडे 16, असे एकूण 256 पत्ते, पण खोक्यातून पहिल्यांदा निघणारा जो तो आपला ए-वन. आणि निरोप पोचला की नाही, हे उलट कळवायची सोय मूळ पद्धतीत ठेवलेलीच नाही. बटण दाबायचं आणि देवावर हवाला ठेवायचा. मेंटेनन्सच्या माणसाला हे कसं पचावं?

तेव्हापासून नानांच्या लेखी घरातल्या वस्तूंच्या दोनच जाती. एक सिग्नल गिळणारी, दुसरी बोंब मारणारी. टीव्ही, कॉम्प्युटर, यूपीएस हे गिळणारे. त्यांच्या तोंडाशीच लाईनवरचा गोंगाट गाळायला कपॅसिटर बसवलेला असतो, आणि त्याला नानांचा निरोपही गोंगाटच वाटतो. टीव्ही रिमोटने बंद केला तरी कपॅसिटर जागाच. बोर्डावरचं बटणच बंद करावं लागतं. स्वस्तातले चार्जर, सीएफएल, डिमर ही बोंब मारणारी मंडळी. हळूहळू माणसंही याच दोन खणांत बसू लागली. शेठ ओट्यावर येऊन "मार्केटमां मंदी छे" म्हणाले की नाना हो-हो करतात आणि ते गेल्यावर काकींना सांगतात, "मंदी कसली? इन्व्हर्टर एसी घेतलाय. कालपासून किचनचा दिवा उचलत नाहीये." चार दिवसांनी शेठच्या गच्चीवर एसीचं नवं खोकं खरंच दिसतं. समोरच्या लाईनीत कुणी टीव्ही बदलला, कुणाकडे शिलाईच्या मशीनला मोटर बसली, हे नानांना घरबसल्या कळतं. त्यामुळे सोसायटीतल्या बायकांत नानांना आता फार मान आहे. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली तर नाना पाचशे एकची पावती फाडतात, पण अट घालून: "लायटिंगच्या माळा निळ्या फेजवर घ्यायच्या नाहीत." पोरं हो म्हणतात आणि जिथे तार सापडेल तिथे आकडा अडकवतात.

रविवार सकाळ ही तपासणीची. सगळे एमसीबी पाडायचे, एकच ठेवायचा, मग एकेक वस्तू लावत जायची आणि दिवा कुठल्या वस्तूला दबतो ते बघायचं. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पण ती मसाला वाटायच्या वेळेला सुरू होते. तोंडात टॉर्च, खिशात टेस्टर, बगलेत टेबललॅम्प अशा थाटात नाना या प्लगपासून त्या प्लगला फिरतात. मिक्सरमध्ये खोबरं-कांदा अर्धा वाटलेला, आणि नाना टॉर्च न काढताच ओरडतात, "अंब! अंब!" काकी थांबतात. शेवभाजी दुपारी तीनला होते.

पॅसेजमधल्या छोट्या दिव्याने तर नानांना फार छळलं. संध्याकाळी चालायचा, रात्री उठून बघावं तर मेलेला. नानांना आधी पाण्याच्या मोटरचा संशय, मग रस्त्यावरच्या दिव्यांचा, मग रात्रपाळीच्या लूमचा. वहीत वेळा टिपून झाल्या. शेवटी एका रात्री दबा धरून बसले, तर निजायला जाताना काकींनी सवयीने बोर्डावरचं बटण खट्‌कन बंद केलं. प्लगच बंद, तर निरोप ऐकायला आत कोण जागं असणार?

"हे बटण बंद करायचं नसतं!"

"वापरात नाही तर चालू कशाला? बिल तुमचा सिग्नल भरणार?"

अमेरिकेत प्लगपाशी असं बटणच नसतं, हे नानांनी समजावून पाहिलं. मग बटणावर चिकटपट्टी लावली. सकाळी काकींनी तीच पट्टी फाटक्या दिनदर्शिकेला लावली.

खरं दुखणं मात्र बेडरूमचं. घराला थ्री फेज. हॉल लाल फेजवर, किचन पिवळ्या, बेडरूम निळ्या. हॉलमधला निरोप निळ्या फेजवर जायचा तर बाहेर डीपीपर्यंत जाऊन परत यायला हवा. "उधन्याहून लिंबायतला जायचं, पण नंदुरबारमार्गे," असं नाना सांगतात. इलाज त्यांना ठाऊक आहे: दोन फेजच्या मधे कपलर बसवायचा, म्हणजे निरोप घरातल्या घरात उडी मारतो. वायरमनने ऐकून घेतलं, पक्कड पिशवीत टाकली आणि म्हणाला, "नाना, दोन फेजच्या मधे मी काहीबी जोडत नाही. मला पोरंबाळं आहेत."

यंदा चांदणी पडव्याला अख्खी सुरत घारी खात गच्चीवर बसली होती. नाना-काकी लवकर निजले. रात्री अकराला बेडरूमचा दिवा आपला आपण लागला. विझला. परत लागला.

"व माय!" काकी उठून बसल्या. "कोण आहे?"

नानांचा चेहरा उजळला होता. "पोचला!" म्हणाले आणि बनियनवरच बाहेर धावले. शेठकडे दिवाळीची साफसफाई निघाली होती. माळ्यावरचा सेट नातवाच्या हाती लागला होता; तो गादीवर बसून एकच बटण दाबत होता. ए-वन, लाग. ए-वन, विझ. नानांनी शेठचा हात धरला. "शेठ, तुमचा हॉल निळ्या फेजवर आहे!" शेठने त्यांच्या हातावर घारी ठेवली.

घरी येऊन नानांनी काकींना सगळं समजावलं: आपल्या हॉलमधून जे जमत नव्हतं ते शेठच्या हॉलमधून पहिल्या झटक्यात झालं, म्हणजे आपलं मशीन शाबूत आहे, दोष फेजचा आहे. दिवा अजून लागतच-विझत होता.

काकी पांघरूण तोंडावर ओढत म्हणाल्या, "मग आता बंद करायलाही त्यांनाच सांगून या."